पिकअपचा डावा कान

१

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, सल्फर फोर्क गावाच्या वरच्या खडकाळ वाटेवर रूलॉन ओकलबेरीच्या पिकअपचा डावा कान तुटला. दगडांवरून गाड्या चढवायला जमलेल्या चाळीस माणसांच्या देखत तो हवेतून उडाला आणि समोरच्या गाडीची काच फोडून रूलॉनच्या सख्ख्या भावाच्या खांद्यात बसला.

कान म्हणजे बंपरवर बसवलेला, भोक पाडलेला, इंचभर जाडीचा लोखंडी तुकडा. कुणाची गाडी दगडांत अडकली की या कानात पट्टा अडकवायचा आणि दुसऱ्या गाडीनं ओढायचं. लामारची गाडी अडकली होती, रूलॉन रिव्हर्समध्ये ओढत होता. पट्टा रबरासारखा ताणला आणि लोखंडानं साथ सोडली. लामारचं खांद्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं. कान चार बोटं अलीकडे लागला असता तर हाडाऐवजी गळा होता.

सल्फर फोर्कचं न्यायालय पस्तीस मैलांवर आहे, पण निकाल गावातल्या सोड्याच्या दुकानात लागतात. नारळाचं सिरप घातलेला सोडा ओढत गावानं दुपारी दोनपर्यंत निकाल दिला होता: वेल्डिंग कच्चं होतं, आणि ते लोरीन बिट्सिलीनं केलं होतं.

मंगळवारी बंपर बनवणाऱ्या शेडचा मालक व्हर्ल स्टब्ज यानं थेन क्रम्पला तिथं बोलावलं. थेननं गावच्या शाळेत एकतीस वर्षं धातुकाम शिकवलं होतं. पंचक्रोशीत ज्याला म्हणून वेल्डिंगची टॉर्च धरता येते त्यानं ती पहिल्यांदा थेनच्या हातून घेतली होती. इतर मास्तर पोरांची अक्षरं ओळखतात, थेन वेल्ड ओळखायचा. बाकी निवृत्तीनंतर त्याला उद्योग नव्हता. गावाच्या धर्मात कॉफी वर्ज्य, त्यामुळे तो ती थर्मासमध्ये घेऊन फिरायचा आणि लोक तिला 'सरांचं सूप' म्हणायचे. धर्म राखण्याची ही गावाची पद्धत होती.

"पुढच्या महिन्यात शेड लोरीनच्या नावावर करणार होतो," व्हर्ल म्हणाला. "कागद तयार आहेत. आता कसे देऊ, थेन? ज्याच्यावर माणसाचा जीव टांगतो ते काम आहे हे. तिनं चुकवलं असेल तर शेडच काय, तिला झाडूसुद्धा देणार नाही मी."

"आणि चुकवलं नसेल तर?"

"मग कुणी चुकवलं ते सांग. 'तिनं नाही' एवढ्यानं गावाचं पोट भरत नाही. नाव लागतं."

लोरीन शेडच्या कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसली होती. व्हर्लची वेल्डर, चौतीस वर्षांची, नवाहो जमातीची, थेनच्या हाताखालून गेलेल्यांत सर्वांत उत्तम हात. शनिवारपासून तिनं टॉर्च पेटवली नव्हती.

"तुझं वेल्ड आहे का ते?" थेननं विचारलं.

तिनं हातमोज्यांकडे पाहिलं.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली.

२

निरपराध माणूस छातीठोकपणे 'नाही' म्हणतो, हे फक्त निरपराध नसलेल्यांना वाटतं. थेनला ते ठाऊक होतं. तरी विचारणं भाग होतं.

"माहीत नाही म्हणजे?"

"त्या आठवड्यात मी तीन बंपर बनवले. शेवटचा दिवस सोळा तासांचा होता. मी नेहमीसारखंच केलं, असं मला वाटतंय. पत्र्याला खाच पाडली, कान आरपार घातला, आतून-बाहेरून वेल्ड केला, मागे चेसिसची जाड पट्टी. पण वाटणं काय, लामारलाही वाटलं होतं की खांदा घरी घेऊन जाऊ."

"तुटलेला तुकडा पाहिलास?"

"कुठं? पिकअप रूलॉनच्या गॅरेजात कुलपात आहे. विम्याचा माणूस येईपर्यंत हात लावायचा नाही म्हणतो. तुकडा लामारच्या गाडीतच राहिला आणि ती गाडी डॉर्वन हॅचनं आपल्या दुकानी उचलून नेली."

"रूलॉनची काही कुरबुर होती? बंपर घेताना?"

"दिव्यांची. त्याला डॉर्वनकडचे मोठे गोल दिवे लावायचे होते. डावा दिवा कानाला अडत होता. म्हणाला, कान दोन इंच आत सरकव. मी म्हटलं, तिथं मागं चेसिस नाही, नुसता पत्रा आहे, ओढलं की कागदासारखा फाटेल. नाही सरकवणार. तो म्हणाला, बाई, पैसे मी देतोय. मी म्हटलं, मग दिवे छोटे घ्या."

मागून कुणीतरी हसलं. व्हर्लचा पुतण्या किम्बल दाराला टेकून उभा होता. स्वच्छ शर्ट, केसांना पाणी. शेडमध्ये एवढा स्वच्छ माणूस म्हणजे एक तर गिऱ्हाईक, नाहीतर वारस.

"मी असतो तर सरकवला असता," किम्बल म्हणाला. "गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं, सर. मी रूलॉनला म्हटलं पण होतं तसं. दोनशे डॉलरमध्ये करून देतो म्हटलं. काकांनी ऐकलं आणि पाना फेकून मारला."

"लागला?"

"नाही."

"व्हर्लचा नेम पहिल्यापासून वाईट," थेन म्हणाला. "शेडची किल्ली तुझ्याकडे असते ना रे?"

किम्बलचं हसू जरा उशिरा मावळलं.

"असते की," तो म्हणाला. "घरच्या माणसाकडे नसणार तर कुणाकडे?"

३

डॉर्वन हॅच तयार बंपर विकायचा. समुद्रापलीकडून खोक्यात येणारे, सगळे एकसारखे, एकाच आईची पोरं असल्यासारखे. व्हर्लच्या शेडनं त्याचं निम्मं गिऱ्हाईक पळवलं होतं. त्यामुळे लामारच्या गाडीतला तुटका कान त्यानं गल्ल्यावर, फुलदाणी ठेवावी तसा ठेवला होता.

"या मास्तर! बघा, हातानं केलेली वस्तू." त्यानं तुकडा पुढे सरकवला. "येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. सकाळपासून दोन बंपर गेले."

"तुला लामारचं काही वाटतंय की नाही?"

"वाटतंय तर. त्याला पण सवलत देणार आहे."

थेननं चष्मा लावला. कानाच्या बुडाशी फाटलेल्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा चिकटून आला होता. वरचा काळा रंग खरखरीत, लोरीनच्या बंपरांना असतो तसाच. पण नखानं खरवडला तर सुटत होता. व्हर्लचा रंग भट्टीत भाजलेला असतो, तो नखाला दाद देत नाही. हा डब्यातला, फवारून मारलेला.

रंगाखाली वेल्डची शिवण होती. म्हणजे नव्हती. ग्राइंडर मारून तिला गुळगुळीत केलं होतं. लोरीन आपल्या शिवणीला ग्राइंडर लावत नाही. एकावर एक कललेल्या नाण्यांसारखी तिची शिवण असते, आणि ती पुसायला सांगितली तर ती बंपरच परत घेईल. शिवण पुसणारे दोन प्रकारचे असतात: ज्यांना आपली शिवण बघवत नाही ते, आणि ज्यांना ती इतरांनी बघायला नको असते ते.

थेननं तुकडा उलटा केला. आत वेल्डला आंबोळीसारखी जाळी पडली होती. भोकंच भोकं. आणि पत्र्याच्या पाठीवर, जळून पांढऱ्या झालेल्या पट्ट्याच्या पलीकडे, हिवाळ्यात काचेवर बर्फाची धरतात तशी चंदेरी फुलं उमटली होती.

"जस्त," तो स्वतःशी म्हणाला.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा. व्हर्लच्या शेडमध्ये असा पत्रा दाराच्या आत येत नाही. जस्त जाळलं की वेल्डला भोकं पडतात आणि धूर माणसाला पाडतो. कुणीतरी लोरीनचा कान कापून काढला होता, दोन इंच आत हा पत्रा जोडला होता आणि त्यावर कान नुसता वरून चिकटवला होता. ना खाच, ना मागं चेसिस.

"डॉर्वन, हे दिवे तू बसवून दिलेस रूलॉनला?"

"खोक्यात दिले. बसवायचे मी वेगळे पैसे घेतो आणि रूलॉन वेगळे पैसे देत नाही." डॉर्वननं डोळे बारीक केले. "का हो मास्तर? मी कापला म्हणता की काय कान?"

"तुला फायदा झालाय."

"फायदा मला लोकांच्या मूर्खपणाचा होतो," डॉर्वन म्हणाला, "आणि त्यासाठी मला कधी रात्रपाळी करावी लागलेली नाही."

हे खरं होतं. म्हणून तर थेनचा संशय गेला नाही. खरं बोलणारा डॉर्वन त्यानं पूर्वी पाहिला नव्हता.

४

"तिनं नाही," थेननं व्हर्लला सांगितलं. दोघं शेडच्या मागे, भंगाराच्या ढिगावर बसले होते. "बंपर इथून गेल्यावर कुणीतरी कान हलवलाय. किंवा इथून जायच्या आधी, रंगानंतर."

"रंग अपघाताच्या आधीच्या आठवड्यात, बुधवारी झाला. गुरुवारी रूलॉन घेऊन गेला. बुधवारची रात्र इथंच होता." व्हर्लनं टोपी काढून पुन्हा घातली. "किम्बलकडे किल्ली असते. तेच म्हणतोयस ना?"

"अजून काहीच म्हणत नाही."

"म्हण. माझ्या भावाचा पोरगा आहे. शेड त्याला मिळायला हवी असं त्याला वाटतं, त्याच्या आईला वाटतं, आणि आता तर देवालाही वाटतं म्हणतो."

"देवाचं कसं कळलं?"

"परवाच्या आधीच्या रविवारी. उपासाचा रविवार होता ना, महिन्याचा पहिला."

थेन चर्चला जात नसे, पण उपासाचा रविवार त्याला ठाऊक होता. सगळं गाव दोन वेळचं जेवण सोडून निर्जळी राहतं आणि मग ज्याला वाटेल तो माइकवर जाऊन आपल्या श्रद्धेची ग्वाही देतो. रिकाम्या पोटी माणूस भावुक होतो, हे चर्चनं फार पूर्वी ओळखलं होतं.

"चौदा मिनिटं बोलला," व्हर्ल म्हणाला. "रडला. देवा, माझ्या काकांना शेडच्या बाबतीत सद्बुद्धी दे म्हणाला. सगळा हॉल माझ्याकडे बघतोय. आणि थांबवणारं कुणी नाही. एरवी सभा रूलॉन चालवतो, तो घड्याळ दाखवून खाली बसवतो. नेमका तो नव्हता. फ्लू झाला होता त्याला."

"किम्बलचा आवाज कसा होता?"

"आवाज? खणखणीत. शेवटी गायलापण. का?"

 थेननं थर्मास उघडला, आणि न पिता पुन्हा बंद केला.

"तुला कुणावर तरी संशय आहे," व्हर्ल म्हणाला.

"माझ्यावर," थेन म्हणाला आणि उठला.

५

रूलॉनच्या घराचं दार त्याच्या बायकोनं, आर्डिथनं उघडलं. रूलॉन जिल्ह्याच्या रस्ते खात्यात मुकादम होता. पाचशिवाय घरी यायचा नाही. थेनला तेच हवं होतं.

"सर! या ना. लामारला भेटून आलात? बिचारा. एका हातानं जेली खातोय."

"नाही गेलो अजून. रूलॉन कसा आहे? फ्लू होता म्हणे मधे."

"फ्लू कसला!" आर्डिथनं हे एवढे दिवस कुणाला तरी सांगायला राखून ठेवलं असावं. "अपघाताच्या आधीच्या शनिवारी दिवसभर गॅरेजमध्ये दिव्यांशी खटपट. संध्याकाळी जी हुडहुडी भरली, तीन रजया घातल्या तरी दात वाजतायत. तोंडाला गोड-गोड चव येते म्हणे. रविवारी दुपारपर्यंत घाम आणि थंडी. आणि सोमवारी सकाळी ठणठणीत! एक दिवसाचा फ्लू असतो का कधी?"

"असतो कधीकधी. औषध काय घेतलं?"

"काही नाही. आणि सर, कुणाला सांगू नका," तिनं आवाज उतरवला. "उपासाचा रविवार. तेवीस वर्षांत या माणसानं पाण्याचा घोट घेतलेला नाही त्या दिवशी. त्यानं अख्खा गॅलन दूध प्यायलं! उभ्यानं, फ्रिजचं दार उघडं टाकून. मी म्हटलं, अहो, आज उपास. म्हणाले, हे औषध आहे. संध्याकाळी बटाट्यांना दूध नाही, पुडिंगला दूध नाही, पाहुणे दारात."



"गॅरेज बघू का जरा?"

"पिकअपला हात लावू नका हं."

हात लावायची गरज नव्हती. पिकअपच्या नाकावर दोन गोल दिवे होते. उजवा जिथं असावा तिथं. डावा, जिथं लोरीनचा कान होता बरोब्बर तिथं. पलीकडे पत्रा फाटून लोंबत होता. गॅरेजच्या भिंतीला आर्डिथच्या पीचच्या बरण्या जाड पट्ट्यांच्या फळ्यांवर ओळीनं मांडलेल्या होत्या. रस्ते खात्यात उरलेल्या पट्ट्या, चंदेरी, मुलाम्याच्या. सर्वांत खालची फळी बाकीच्यांपेक्षा वीतभर तोकडी होती. तिचं टोक नव्यानं कापलेलं होतं, आणि शेवटची बरणी अर्धी हवेत होती.

"ही फळी कधी कापली?"

"कापली?" आर्डिथ वाकली. "अगंबाई. कापली की काय कुणी?"

बाहेर रूलॉनची सरकारी गाडी येऊन थांबली.

६

बुधवारी सकाळी शेडमध्ये पाच माणसं होती. व्हर्ल, बादलीवरची लोरीन, आज जरा कमी स्वच्छ किम्बल, रूलॉन आणि थेन. डॉर्वनला बोलावलं होतं. त्यानं फक्त तुकडा पाठवला, आणि चिठ्ठी: 'परत हवा आहे.'

आदल्या संध्याकाळी गॅरेजात थेन रूलॉनला एवढंच म्हणाला होता: "उद्या आठ वाजता शेडवर ये. नाही आलास तर मी आर्डिथसमोर बोलेन." रूलॉन साडेसातलाच आला होता.

थेननं तुकडा बाकावर ठेवला. लोरीननं तो एकदा उलटा केला आणि श्वास सोडला. गेले चार दिवस तो तिनं कुठं ठेवला होता कोण जाणे.

"हे माझं नाही," ती म्हणाली. आता छातीठोकपणे.

"नाही," थेन म्हणाला. "प्रश्न होता कुणाचं. शिवण पुसलेली, म्हणजे अक्षर नाही. किम्बलकडे किल्ली होती आणि हेतू होता. डॉर्वनकडे हेतू होता आणि गल्ला होता. पण ज्यानं हे केलं त्यानं जस्त जाळलं. जस्ताचा धूर ज्याच्या छातीत जातो त्याला काही तासांत हुडहुडी भरते, तोंड गोड होतं, दुसऱ्या दिवशी उतरतं. व्हर्ल, तुला झालं होतं एकदा."

"आईशप्पथ, मेलोच वाटलं."

"बंपर इथं होता त्या बुधवारी रात्री कुणी हे केलं असतं तर गुरुवारी आडवा झाला असता. गुरुवारी किम्बल कुठं होता?"

"इथंच," लोरीन म्हणाली. "दिवसभर मला वेल्डिंग कसं करावं ते सांगत होता."

"मग उपासाच्या आदल्या दिवशीचा शनिवार. रविवारी किम्बल चौदा मिनिटं बोलला आणि वर गायला. त्या छातीत जस्त नव्हतं. रविवारी डॉर्वन माझ्यासोबत धरणावर मासे धरत होता. दोन पापी एका नावेत. त्यानं नऊ सँडविच खाल्ली, त्यातली चार माझी. राहिला तो, जो त्या रविवारी सभेला आला नाही."

कुणी रूलॉनकडे पाहिलं नाही. गाव लहान असलं की हे शिष्टाचार अंगवळणी पडतात.

"फ्लू होता," रूलॉन म्हणाला.

"फ्लूवर कुणी उपासाच्या दिवशी गॅलनभर दूध पीत नाही, रूलॉन. फ्लू झालाय असं ज्याला खरंच वाटतं तो देवाची माफी मागून पाणी पितो. दूध पितो तो, ज्याला आपल्याला काय झालंय ते ठाऊक आहे. 'जस्त जाळलंत तर दूध प्या.' हे कुठं शिकलास?"

रूलॉनचे कान लाल झाले.

"तुमच्याकडे, सर. अकरावीत."

"दुधानं काही होत नाही," थेन म्हणाला. "डॉक्टरनं मला सांगून पंचवीस वर्षं झाली. मी वर्गात दुरुस्ती केली नाही. एकदा चूक मान्य केली की पोरं बाकीचं पण तपासायला लागतात, असं वाटलं." त्यानं चष्मा पुसला. "तेव्हा चूक लपवण्यावर मी तुला प्रवचन देणार नाही. फळी मी पाहिली आहे. तू बोल."

रूलॉन बोलला. मोठं कट-कारस्थान काही नव्हतं. दोन इंच तर सरकवायचा. तीनशे डॉलरचे दिवे. बाईनं तोंडावर 'नाही' म्हटलेलं. अकरावीत त्याला धातुकामात पहिला नंबर होता. शनिवारी भाऊ काचेमागे ओरडला तेव्हाच त्याला कळलं होतं. मग कुणीतरी म्हणालं, "कुणी केलं होतं हे वेल्डिंग?" आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, "लोरीननं." त्याला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही. नुसतं गप्प राहायचं होतं.

"शेड गेली असती माझी," लोरीन म्हणाली. "हातपण गेला असता. मला वाटलं माझ्याच हातानं झालं. चार दिवस."

"मी भरपाई—"

"फोन लावा."

"कुणाला?"

"भावाला. इथं, आमच्यासमोर. आवाज मोठा ठेवून."

रूलॉननं फोन लावून बाकावर ठेवला. पलीकडे दवाखान्यातल्या टीव्हीचा आवाज येत होता.

"लामार, तो कान मी लावला होता. लोरीननं नाही. मी कापला आणि मी लावला."

टीव्ही बंद झाला.

"कशासाठी?"

"दिव्यांसाठी."

"दिव्यांसाठी," लामार म्हणाला. मग त्यानं विचारलं, "लागले तरी का?"

"उजवा लागतो."

पलीकडून आलेला आवाज हसण्याचा होता की खांद्याच्या कळीचा, कळलं नाही. "लोरीन आहे का तिथं? पोरी, शनिवारपासून जो कुणी भेटायला आला त्या प्रत्येकाला मी तुझं नाव सांगितलंय. सगळ्या गावाला."

"ऐकलंय मी."

"आता काय करू?"

"एकेकाला फोन करा. हात किती दिवस गळ्यात आहे?"

"सहा आठवडे."

"पुरतील," लोरीन म्हणाली आणि फोन बंद केला.

व्हर्ल आतून शेडच्या कागदांची फाइल घेऊन आला, पण तिला कुठं द्यावी हे त्याला कळेना, कारण लोरीननं हातमोजे चढवले होते. बाकावर एक अर्धवट बंपर शनिवारपासून तसाच पडला होता, फक्त टाके घातलेला. तिनं गॅस सोडला, हेल्मेट डोक्यावर घेतलं आणि टॉर्च उचलली. झगझगाटाआधी वेल्डर एकच इशारा देतो.

"डोळे," ती म्हणाली.

आणि शेडमधल्या चारही पुरुषांनी, त्या महिन्यात पहिल्यांदाच, तिचं म्हणणं एका शब्दात ऐकून माना फिरवल्या.